कुंथण्याचा व्रण

शंकाकार : अकरा वर्षे झाली. एवढ्या मुदतीत तहसिलातले वहिवाटीचे भांडणसुद्धा या ना त्या बाजूने निकाली निघते. माझे प्रकरण निघाले नाही. पहिली चार वर्षे मूळव्याध समजून मलमे आणि सुरणाची भाजी झाली. पुढे आव पडते म्हणून आमांशाची औषधे झाली. त्यानंतर एका ठिकाणी दुर्बीण घालून मोठ्या आतड्याला सूज असल्याचा शेरा मारला गेला आणि त्या शेऱ्याच्या बळावर मी दीड वर्ष गोळ्या गिळल्या. दुसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टरांनी तर चेहरा पाडून मुलाला बाजूला बोलावले, आणि तुकड्याचा अहवाल येईपर्यंतचे नऊ दिवस पडेगावच्या आमच्या घरात कोणी रेडिओ लावला नाही. कर्करोग निघाला नाही, ही परमेश्वराची कृपा. निघाला तो गुदाशयाचा ‘एकाकी व्रण’, आणि त्याच्या जोडीला ‘अडलेला मलोत्सर्ग’. आता तुम्ही म्हणता की यावर मलम नको, शस्त्र तूर्त नको, शिकवणी घ्या! सत्तरीला टेकलेल्या, अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेल्या माणसाला शौचास कसे बसावे हे यंत्रापुढे बसवून शिकवायचे, ही तजवीज मला मंजूर नाही. नामंजुरीची कारणे मी एकेक करून नमूद करणार आहे.

पुरस्कर्ता : हरकती जरूर नोंदवा, काका, मात्र ज्या नावाने तुम्हाला इतका घोर लावला त्या नावाची आधी शहानिशा होऊ द्या, कारण वैद्यकात इतकी दिशाभूल करणारी नावे थोडीच असतील. गुदाशयातील अशा व्रणांचे वर्णन पॅरिसच्या क्रूव्हेलिएने १८२९ च्या सुमारासच करून ठेवले होते. परंतु लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मॅडिगन आणि मॉर्सन यांनी १९६९ मध्ये ६८ रुग्णांच्या हकिगती एकत्र मांडल्या तेव्हा कुठे या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली, आणि ती मिळता मिळताच असेही दिसून आले की एकाकी म्हणावे तर पुष्कळांना दोन-तीन व्रण असतात आणि व्रण म्हणावे तर कित्येकांना नुसता लाल चट्टा किंवा गाठीसारखा उंचवटा असतो. त्या उंचवट्यापायीच तुमच्या चिरंजिवांना बाजूला बोलावले गेले असावे, आणि तुकडा काढून पाठवला हे योग्यच झाले. तुमच्या वयाच्या माणसाला शौचावाटे रक्त पडत असताना तो न पाठवणे हा अपराध ठरला असता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र या विकाराची मुद्रा स्पष्ट असते: अस्तराच्या ज्या थरात मऊ, सैल ऊतक असावयाचे, तेथे खालच्या थरातील स्नायुतंतू उभे वर चढून आलेले दिसतात. पुन्हा पुन्हा दाबली, घासली आणि रक्तावाचून ठेवली गेलेली जागा अशी दिसते. हा दाब कोठून येतो? मलमार्गाचे द्वार मिटलेले असताना माणूस मागून जोर करतो, कुंथतो; गुदाशयाची पुढची भिंत त्या मिटलेल्या द्वारात खाली ढकलली जाते आणि दाराच्या फटीत बोट सापडावे तशी चेंगरते. वर्षानुवर्षे, दिवसातून चार चार वेळा. व्रण ही त्या कुंथण्याची मागे राहिलेली खूण होय. खुणेवर मलम लावून कुंथणे थांबत नाही, आणि कुंथणे थांबले नाही तर भरलेली खूण पुन्हा उमटते.

शंकाकार : म्हणजे फिर्यादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेत! मी कुंथतो म्हणून व्रण होतो, आणि होत नाही म्हणून मी कुंथतो, हे तुमच्या ध्यानात येते का? आमच्या लहानपणी पडेगाव म्हणजे छावणीच्या पलीकडचे, दौलताबादच्या रस्त्यावरचे एक खेडे. पहाटे तांब्या घेऊन परसाकडे जायचे, उकिडवे बसायचे आणि न्याहारीच्या आत मोकळे व्हायचे. बायांच्या नशिबी तेवढेही नव्हते. त्यांनी उजाडायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर बाहेर पडायचे आणि मधला सारा दिवस पोटात धरून काढायचा. आज त्याच वावरांवर इमारती उभ्या आहेत, घरोघरी कमोड आहेत, आणि तिकडे पैठणला नाथसागर भरलेला असला तरी आमच्या नळाला पाणी कितव्या दिवशी येईल याचा जबाब कोणत्याही दप्तरात मिळत नाही. टँकर गल्लीत शिरला की वेग आलेला माणूससुद्धा आधी पिंपे भरायला धावतो. पाणी पुरवायचे म्हणून प्यायचेही कमी. ही सारी कैफियत बाजूला सारून तुम्ही कसूर काढता ती माझ्या स्नायूची! आणखी एक. कमोडमुळे हे झाले म्हणावे, तर मी पन्नास वर्षे उकिडवा बसलो आहे.

पुरस्कर्ता : कसूर हा शब्द तुमचा, माझा नव्हे, पण तुमची कैफियत माझ्या बाजूचा पुरावा आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत: वेग आला असता दुसऱ्या कामात गुंतू नये, आणि वेग नसताना तो बळाने आणू नये. पहिल्या आज्ञेचा भंग तुमच्याकडून टँकरने करविला, दुसरीचा तुमच्या घड्याळाने. कचेरीची वेळ झाली की वेग असो वा नसो, आत जाऊन बसायचे आणि जोर करायचा. पुन्हा पुन्हा परतवलेला गुदाशय हळूहळू बधिर होतो, भरल्याची वर्दी देईनासा होतो, आणि वर्दी नाही तेथे माणूस जोरावर भिस्त ठेवतो. बसण्याच्या रीतीविषयी म्हणाल, तर २००३ साली इस्रायलमधील सिकिरॉव्ह यांनी २८ निरोगी माणसांना तीन तऱ्हांनी बसवून घड्याळ लावले. उकिडवे बसून सरासरी ५१ सेकंदांत काम झाले, उंच कमोडवर १३० सेकंद लागले. तथापि निरोग्यांवरील ही मोजणी मी तुमच्यावर लादणार नाही. आपल्या देशात उकिडवे बसणाऱ्यांतही हा व्रण चांगलाच आढळतो, तेव्हा कमोड हा एकटा गुन्हेगार खासच नव्हे. उकिडवे बसल्याने वाट सरळ होण्यास साहाय्य होते. द्वार उघडण्याची क्रिया मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. जघनास्थीपासून निघून गुदाशयाच्या मागून वळसा घालून पुन्हा पुढे येणारा एक स्नायू आहे, अगदी ज्वारी राखणाऱ्याच्या गोफणीसारखा. तो ताणलेला असतो तोवर मार्गाला कोन पडलेला राहतो, म्हणून तर आपण चारचौघांत निर्धास्त हिंडतो. मलोत्सर्गाच्या वेळी ही गोफण सैल पडावयाची असते. तुमची सैल पडण्याऐवजी आवळते. हे तुम्ही मुद्दाम करीत नाही. करीत असल्याचा तुम्हाला पत्ताही नाही. पाणचक्कीकडे डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या वाटेत पुढचे तोंड मिटून मागून दाब वाढवीत गेले तर पाणी पुढे जाण्याऐवजी खापरी नळच तडकायचे, हे तुमच्यासारख्या औरंगाबादकराला मी काय सांगावे?

शंकाकार : पत्ता नाही, मग शिकणार कसे? जी गोष्ट मला जाणवतच नाही ती सोडून द्या असे म्हणणे म्हणजे आंधळ्याला अक्षर सुधारायला सांगणे.

पुरस्कर्ता : येथेच ते यंत्र उपयोगी पडते. पहिली परीक्षा तर यंत्रावाचूनही होते. एका नळीच्या टोकाला रबरी फुगा बांधतात, तो आत सरकवून त्यात ५० मिलिलिटर कोमट पाणी भरतात, आणि रुग्णाला पडद्याआड एकट्याला बसवून सांगतात की हा फुगा बाहेर टाका. ज्याचे द्वार वेळेवर उघडते तो बहुधा मिनिटाच्या आत बाहेर टाकतो. ज्याचे उघडत नाही तो पाच मिनिटे लालबुंद होऊन बसतो, कपाळावर घाम, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि फुगा जागच्या जागी. शिकवणीत दाब मोजणारी बारीक नळी आत ठेवतात आणि समोरच्या पडद्यावर दोन रेषा चालू लागतात: वरची पोटातल्या दाबाची, खालची द्वाराच्या आवळण्याची. रुग्णाला म्हणतात, जोर करा. वरची रेषा चढते, चढायलाच हवी. पण खालची उतरायची ती तीही चढते. कित्येक रुग्ण त्या क्षणी शिकवणाऱ्याकडे वळून म्हणतात, ‘अहो, मी तर ढिले सोडले होते!’ आपण सोडतो आहोत असे ज्याला वाटत होते तो धरून बसला होता, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी प्रथमच पाहिलेले असते. मग पाय पाटावर टेकवायचे, कोपरे मांडीवर, तोंड किंचित उघडे, श्वास न कोंडता पोट पुढे आणायचे, आणि नजर खालच्या रेषेवर. रेषा जराशी उतरली की तेच पुन्हा, मग तेच डोळे मिटून. साधारण चार ते सहा बैठका लागतात. मौजेची गोष्ट अशी की ही विद्या जन्मली ती उलट्या कामासाठी: १९७४ मध्ये अमेरिकेत एंगेल आणि त्यांचे सहकारी ज्यांना मल आवरत नाही अशांना आवरायला शिकवीत होते, ज्यांना सोडता येत नाही त्यांच्यासाठी तीच रीत उलटवून वापरल्याचे काम हॉलंडच्या दोघांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले.

शंकाकार : वर्णन उत्तम केलेत, ऐकताना माझ्याही मानेच्या शिरा दुखल्या. परंतु मी आयुष्यभर आकडे तपासून सह्या केल्या आहेत, तेव्हा आकडे मांडा. माझा मुलगा कागद काढून आणतो. ते मी चष्मा लावून वाचले आहेत. तुमच्या पक्षाचे मोठे प्रमाणपत्र म्हणजे इटलीतील किआरिओनी यांचा २००६ चा प्रयोग: १०९ रुग्ण, अर्ध्यांना पाच बैठका, अर्ध्यांना रेचक, सहा महिन्यांनी शिकवणीवाल्यांपैकी ८० टक्क्यांना मोठा आराम आणि रेचकवाल्यांपैकी २२ टक्क्यांना. मान्य. पण ते रुग्ण अडलेल्या मलोत्सर्गाचे होते. माझ्यासारखे व्रणाचे नव्हते. व्रणावर शिकवणीचा जो कागद मला सापडला तो सेंट मार्क्सचाच, २००४ सालचा, आणि त्यात रुग्ण किती? सोळा. त्यांपैकी बारांना बरे वाटले, पण दुर्बिणीतून पाहता व्रण पुरता नाहीसा झाला तो पाचांचाच. त्याच रुग्णालयाच्या आधीच्या अनुभवात, शिकवणीचा गुण काळ लोटला तसा कित्येकांच्या बाबतीत ओसरला असेही लिहिलेले आहे. सोळा माणसांच्या साक्षीवर दिवाणी दावासुद्धा कोणी हरत-जिंकत नाही, डॉक्टर. आणि तुम्ही माझे गुदद्वार पणाला लावायला निघालात.

पुरस्कर्ता : साक्ष अपुरी आहे, हे मी लेखी देतो. मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष लहान प्रयोगाच्या नावावर खपवण्याची खोड आमच्यात आहे आणि ती तुम्ही नेमकी पकडलीत. तरी त्या सोळांच्या कागदातील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. शिकवणीपूर्वी आणि शिकवणीनंतर त्यांच्या गुदाशयाच्या अस्तरातील रक्तप्रवाह मोजला होता, आणि ज्यांना गुण आला त्यांच्यात तो वाढलेला आढळला. म्हणजे बरे वाटणे ही केवळ मनाची समजूत नव्हती. चेंगरलेल्या जागेला रक्त मिळू लागले होते. शिकवणे खरोखर काही करते की नुसता डॉक्टरचा वेळ आणि धीराचे शब्द काम करतात, ही शंकाही रास्त आहे, म्हणून अमेरिकेत आयोवाच्या सतीश राव यांनी २००७ मध्ये एका गटाला खरी शिकवणी, एका गटाला दिखाऊ शिकवणी आणि एका गटाला नेहमीचे उपचार देऊन पाहिले. द्वाराची उलटी सवय खऱ्या शिकवणीनेच अधिक सुधारली. आपल्याकडेही लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत उदय घोषाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडलेल्या मलोत्सर्गाच्या परीक्षेवर आणि शिकवणीवर पुष्कळ काम केले आहे. तेव्हा अडलेल्या द्वारावर शिकवणीचा उपयोग होतो, एवढे मी ठामपणे म्हणतो. व्रणावर होतो, असे जपून म्हणतो. तुमच्या व्रणावर होईल, असे म्हणायला फुगा आत जाऊन बाहेर यायला हवा.

शंकाकार : मग शस्त्रक्रियेला एवढा विरोध का? माझे सरळ म्हणणे असे: आतली भिंत खाली घसरते, तर ती वर ओढून बांधून टाका. घराची तुळई खचली तर आपण तिला उठाबशा काढायला लावीत नाही, टेकू देतो. सुश्रुताने गुदभ्रंशाचे नाव घेतले आहे. रोग नवा नाही, हत्यार नवे आहे. दुर्बिणीने चार भोके पाडून जाळी लावतात, तीन दिवसांत घरी पाठवतात. अकरा वर्षांच्या तगाद्यापुढे तीन दिवस म्हणजे काय?

पुरस्कर्ता : विरोध नाही, क्रमाचा आग्रह आहे. गुदाशय वर उचलून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला बांधण्याच्या शस्त्रक्रिया अनेक प्रकारच्या आहेत. बेल्जियमच्या ल्यूव्हेन येथील ड’होर यांनी पुढच्या बाजूने जाळी लावून बांधण्याची जी रीत २००४ मध्ये प्रसिद्ध केली, ती आज पुष्कळ ठिकाणी पसंत केली जाते, कारण मागच्या नाड्या दुखावल्या तर बद्धकोष्ठ उलट वाढते हे जुन्या रीतीत अनेकदा दिसले होते. इटलीच्या लाँगो यांनी स्टेपलरने गुदाशयाची सैल घडी आतूनच कापून शिवण्याची रीत काढली. काहींना तिने हायसे वाटले, काहींना दुखणे आणि घाई यांची नवी बेडी पडली. पण तुम्ही आकडे मागितलेत, तर शस्त्राचेही ऐका. सेंट मार्क्सने १९९८ मध्ये स्वतःचाच हिशेब मांडला: व्रणाच्या ६६ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या, भिंत वर बांधण्याच्या शस्त्रक्रियांनी दीर्घ काळ समाधानकारक गुण राहिला तो ५५ ते ६० टक्क्यांना, आणि एकंदरीत सुमारे ३० टक्के रुग्णांना शेवटी पोटावर पिशवी लावून घ्यावी लागली. पिशवी म्हणजे काय ते मी सांगत नाही. घाटी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया वॉर्डातून एक फेरी मारली की कळेल. ही हकिगत जगातल्या सर्वांत अनुभवी हातांची आहे, हेही लक्षात असू द्या. भिंत बांधली आणि गोफण सैल पडायला शिकली नाही, तर रुग्ण बांधलेल्या भिंतीवर पूर्वीच्याच जोराने कुंथत राहतो. तुळईला टेकू दिलात, पण वरून रोज दगड टाकणारा तसाच राहिला.

शंकाकार : तीस टक्के. हं. हा कागद मुलाने मला दाखवला नव्हता. (पोरगा शहाणा आहे.) पण मग उलट प्रश्न विचारतो, आणि यावर टाळाटाळीचे उत्तर चालणार नाही. ज्याची भिंत पुरती खाली आली आहे, जोर करताना गुद बाहेर दिसते, त्यालाही तुम्ही पाट देऊन रेषेसमोर बसवणार काय? शिकवणीचा आग्रह कधी कधी शस्त्रक्रिया टाळण्याचे निमित्त तर होत नाही?

पुरस्कर्ता : होतो. माझ्याच हातून झाला आहे. एका बाईंना मी आठ महिने शिकवणीत गुंतवून ठेवले. प्रसूतीनंतर त्यांच्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला योनीकडे मोठी फुगवटी आली होती, आत घडी पडत होती, आणि बोटाने आधार दिल्याशिवाय त्यांना शौच होत नव्हते. ही गोष्ट त्यांनी पतीला सोळा वर्षांत सांगितली नव्हती आणि मलाही पाचव्या बैठकीला सांगितली. बेरियम भरून बसत्या स्थितीत क्षकिरणांची चलत्‌चित्रे घेतली असती तर पहिल्याच आठवड्यात कळले असते की येथे सवय बिघडण्याच्या आधी भिंत बिघडली आहे. मी ती घ्यायला सांगितली नाही, कारण रेषा उतरत होती आणि उतरती रेषा पाहण्याची मला गोडी लागली होती. शेवटी त्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि त्या बऱ्या आहेत. बाहेर येणारा पुरता गुदभ्रंश असेल तर शिकवणी ही शस्त्रक्रियेची सोबतीण होऊ शकते, तिची जागा घेऊ शकत नाही. अडचण अशी की बहुतेकांची स्थिती या दोन टोकांच्या मध्ये असते: थोडी घडी, थोडी उलटी सवय, आणि घडी तर कोणतीही तक्रार नसलेल्या निरोगी माणसांच्या चित्रांतही दिसते. आधी काय बिघडले, हे अकरा वर्षांनंतर कोणते चित्र सांगणार?

शंकाकार : हे मात्र प्रामाणिकपणे बोललात. आता शेवटची हरकत, आणि ती वैद्यकाची नाही. तुमचे यंत्र आहे कोठे? मोठ्या शहरांतल्या निवडक रुग्णालयांत. पडेगावहून मुंबईला किंवा पुण्याला सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला मुलाची रजा, आणि माझ्यासारख्या रुग्णाला सहा-सात तास एसटीत बसवायचे, ज्याच्या दर दोन तासांनी जिवाची घालमेल होते! त्या बाईंची गोष्ट सांगितलीत. आमच्या गल्लीत अशा किती असतील? त्या परक्या पुरुषापुढे नळी घालून घेणार नाहीत, आणि शिकवणारी बाई जवळ मिळणार नाही. शस्त्रक्रिया निदान एकदाच करावी लागते, आणि तिच्यासाठी खाटा आणि भूलतज्ज्ञ आपल्या शहरात आहेत. गरिबाला कापणे सोपे आणि शिकवणे महाग, असाच याचा अर्थ ना?

पुरस्कर्ता : तसाच आहे, आणि त्याला माझ्याजवळ जबाब नाही. एवढेच म्हणतो की शिकवणीचा मोठा भाग यंत्रावाचून होतो. सकाळच्या चहानंतर किंवा जेवणानंतर मोठे आतडे आपोआप हालू लागते, तेव्हाच बसायचे. वेग नसेल तर पाच मिनिटांत उठायचे, वर्तमानपत्र बाहेर ठेवायचे. कमोड असेल तर पायांखाली पाट. इसबगोल पुरेशा पाण्याबरोबर, आणि पाणी टँकरचे असले तरी पिण्यात काटकसर नको. बोट घालणे बंद. रिकाम्या गुदाशयाला व्रणामुळे ‘अजून आहे’ असे वाटत राहते, त्या खोट्या वर्दीवर पुन्हा जाऊन बसायचे नाही. हे रोज महिनाभर केले तर यंत्राची गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही, हेही वेगळे पडते.

शंकाकार : म्हणजे यंत्राची गरज कोणाला, हे यंत्रावाचून ठरवायचे. चमत्कारिक आहे, पण कारकुनी डोक्याला पटते. छाननी आधी, सुनावणी नंतर. तरी एक गोष्ट नोंदवून घ्या. तुम्ही व्रण भरला का पाहता, शस्त्रवैद्य भिंत बसली का पाहतो, तुमचे कागद टक्के मोजतात. माझे माप वेगळे आहे. नातू दोन वर्षांपासून मागे लागला आहे की आजोबा, वेरूळची लेणी दाखवा. आमच्या दारावरून रस्ता जातो, पाऊण तासाची वाट. दौलताबादच्या चढापर्यंत गेलो आणि परत फिरलो, दोनदा; रस्त्यात कोठे थांबायचे याच्या विवंचनेने. व्रण आत तसाच राहून मला कैलास लेणे पाहता आले, तर तुमच्या दप्तरी मी बरा की आजारी?

पुरस्कर्ता : दुर्बिणीच्या अहवालात आजारी. रक्त पडत राहिले तर दुर्बीण पुन्हा घालावीच लागेल, आणि तेव्हा तुमच्या लेण्यांचा उल्लेख त्या कागदावर नसेल. तुमच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला येत नाही.

शंकाकार : ठीक आहे. महिनाभर पाट, इसबगोल आणि पाच मिनिटे. त्यानंतरच्या सोमवारी येऊन तुमचा फुगा घालून घेतो, आणि ती बसत्या स्थितीतली चित्रेही त्याच दिवशी काढायची, नंतर नव्हे. शस्त्रक्रियेचा अर्ज मात्र मी मागे घेतलेला नाही. तो फेटाळला असा शेरा मारू नका, प्रलंबित लिहा.